जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पुन्हा बोलता करायचा आहे : वाचनालयात जुन्या दूरदर्शनची एक संध्याकाळ

पऱ्हाटी :
हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय दिवाळीच्या सुट्टीत जुन्या दूरदर्शनची एक संध्याकाळ ठेवून राहिलं आहे. मोठ्या एलईडीवर यूट्यूब लावून काम भागते, पण तसं नको. काचेच्या फुगीर ट्यूबवर, लाकडी शटर सरकवून, चॅनेलचा खटका हातानं फिरवून पोरापोरींनी ते पाहावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे. गावातून दोन सेट मिळाले. एक चौदा इंची पोर्टेबल, मागे बारा व्होल्टचं सॉकेट असलेला. दुसरा वीस इंची, शटर आणि कुलूपवाला. लाल-पिवळी-पांढरी पिन लावायची जागा दोन्हींना नाही. मागे अँटेनाचे दोन स्क्रू आणि एक गोल सॉकेट, बस्स. छपरावर जुना अँटेना अजून उभा आहे. चौदा इंची लावून पाहिला तर नुसत्या मुंग्या आणि खरखर. वीस इंची अजून लावलाच नाही. अँटेना नागपूरकडे नीट फिरवला तर काही दिसेल का? नाही तर दुसरा मार्ग कोणता?

वणाकाठ :
मुंग्या दिसतात म्हणजे सेट जिवंत आहे, भाऊ. पडदा पूर्ण भरून मुंग्या आणि स्पीकरमध्ये जोरदार खरखर असेल तर पिक्चर ट्यूब, ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा भाग), आडवं-उभं दोन्ही स्कॅनिंग आणि आवाजाचा भाग, एवढं सगळं चालू आहे. ट्यूनरही बहुधा ठीक असावा.

अँटेना फिरवून मात्र हाती काही लागणार नाही. दूरदर्शनचं जमिनीवरून होणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं. प्रसार भारतीनं शेवटची मोठी बंदी तीन टप्प्यांत केली : 31 ऑक्टोबर 2021, 31 डिसेंबर 2021 आणि 31 मार्च 2022. सीमाभागासारखी मोजकी ठिकाणं सोडली तर आता आकाशात त्या टीव्हीला समजेल असं काही नाही. म्हणून सिग्नल आपणच तयार करायचा आणि वायरीतून टीव्हीला द्यायचा. त्या डबीला मॉड्युलेटर म्हणतात. एका बाजूनं चित्र आणि आवाज घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं एका चॅनेलवर बसवून द्यायचा, एवढंच तिचं काम.

चपटीवायर :
मॉड्युलेटर घेताना बहुतेक जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या सेटचा खटका 2 ते 12 आकड्यांचा असतो. 2, 3, 4 हे खालच्या पट्ट्यातले (47 ते 68 मेगाहर्ट्झ) आणि 5 ते 12 वरच्या पट्ट्यातले (174 ते 230 मेगाहर्ट्झ). प्रत्येक चॅनेल 7 मेगाहर्ट्झ रुंद. चित्राची वारंवारता 4 नंबरला 62.25, 5 नंबरला 175.25, पुढे सातासातानं वाढत 12 नंबरला 224.25. आवाज चित्राच्या वर बरोबर 5.5 मेगाहर्ट्झवर बसतो. आपली पद्धत पाल-बी, 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं.

आता बाजारातल्या डब्या. पहिला प्रकार फक्त 21 ते 69 चॅनेलवर चालतो. तो यूएचएफ, म्हणजे 12 च्या पुढचा वेगळा पट्टा झाला, आपल्या खटक्यावर कधीच येणार नाही. व्हीसीआरच्या मागचं आरएफ आउटही बहुधा 36 नंबरच्या आसपास असते, तेही इथं निरुपयोगी. दुसरा प्रकार '3/4' लिहिलेला अमेरिकन. त्याचा 3 नंबर 61.25 वर असतो, म्हणजे आपल्या 4 नंबरच्या अगदी शेजारी. खटका 4 वर ठेवून बाहेरची फाइन ट्यूनिंगची रिंग फिरवली तर चित्र पकडते. आवाज मात्र येत नाही, कारण त्यात आवाज 4.5 वर आहे आणि आपला सेट 5.5 वर शोधतो. स्वस्तात हाच मिळाला तर आवाज टीव्हीतून घ्यायचा नाद सोडा, प्लेअरमधून थेट वेगळ्या स्पीकरला द्या. तिसरा प्रकार ज्यावर बी/जी, डी/के, आय अशी प्रक्षेपणाची पद्धत निवडता येते आणि व्हीएचएफ, म्हणजे आपल्या खटक्यावरचे चॅनेलही आहेत. बी/जी ठेवा. हाच घ्यावा.

गावातल्या जुन्या केबलवाल्याकडे रॅकमधला एकाच चॅनेलचा मॉड्युलेटर भंगारात पडून असू शकतो. चित्र-आवाजाला तो सगळ्यात चांगला. पण त्याचं आउटपुट 100 डीबी मायक्रोव्होल्टच्या वर असते आणि टीव्हीला 60 ते 80 पुरे. थेट जोडला तर चित्र काळवंडते, वरच्या कडा फाटतात, कधी निगेटिव्हसारखं उलटं दिसते. मध्ये 20 ते 30 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) टाका. केबलवाल्याकडे तोही मिळतो.

जोडणी : मॉड्युलेटरपासून 75 ओहमची गोल केबल. टीव्हीला गोल सॉकेट असेल तर सरळ त्यात. फक्त दोन स्क्रू असतील तर ते 300 ओहमच्या चपट्या वायरीसाठी आहेत, मध्ये छोटा बॅलून (75 ला 300 शी जुळवणारा जोड) लावा. तो न लावता केबलचे दोन पदर स्क्रूला गुंडाळले तरी दोन मीटर वायरीत चित्र दिसते, पण कडांना सावली येते.

तुऱ्हाटी :
थांबा जी, जोडणीच्या आधी सेट उघडणं आणि तपासणं. यात घाई नको, जिवाशी गाठ आहे.

वीस इंची सेटमध्ये बहुधा मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. मेनची एक वायर थेट चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) असते. प्लग उलटा बसला तर पूर्ण 230 व्होल्ट चासीवर आणि अँटेनाच्या स्क्रूजवळच्या पत्र्यावर. अँटेनाच्या सॉकेटमागे त्यासाठीच कपॅसिटर असतात, पण तीस-पस्तीस वर्षांनंतर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. अशा सेटला बाहेरची कुठलीही पेटी जोडायची तर मध्ये वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, 100 व्हीए किंवा जास्त. पोरं हात लावणार असतील तर याला दुसरा पर्याय नाही. बारा व्होल्टवर चालणाऱ्या पोर्टेबलमध्ये आत ट्रान्सफॉर्मर असतो, चासी वेगळी असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : कार्यक्रम चौदा इंचीवर करा, वीस इंची शटरसकट शेजारी मांडा. तो चालला तर सोन्याहून पिवळं.

उघडण्याआधी प्लग काढा. ट्यूबच्या वरच्या बाजूला जाड रबरी टोपी दिसते, तिच्याखाली दहा-बारा हजार व्होल्ट असतात, मोठ्या ट्यूबवर आणखी जास्त. सेट बंद करून तासभर झाला तरी ट्यूब स्वतःच कंडेन्सर असल्यानं भार धरून ठेवते. प्लास्टिक मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला मगर-क्लिपची वायर लावा, दुसरं टोक ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावर ताणलेल्या उघड्या तारेला. एक हात पाठीमागे ठेवून टोक हळूच रबराखाली सरकवा. चट् आवाज येईल. पाच मिनिटांनी पुन्हा करा, भार परत थोडा चढतो. ट्यूब कधीही मानेला धरून उचलू नका. मान मोडली की हवा आत घुसते, आणि काचा फुटल्या तर त्या लांबवर उडतात.

आतली सफाई : आपल्याकडे धुळीसोबत कपाशीची रुई असते, ती ईएचटीभोवती चिकटून पावसाळ्यात ओल धरते आणि तिथं ठिणगी पडते. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, ओला फडका नको. पालीची अंडी आणि कुंभारमाशीची मातीची घरं हमखास सापडतात. ती माती योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीच्या) तारांवरून खरवडू नका, टोकदार लाकडी काडीनं सुटी करा. उंदरानं वायरचं आवरण खाल्लं असेल तर टेप गुंडाळून चालवू नका, वायर बदला.

पहिल्यांदा लावताना सिरीज बल्ब. साधा 60 वॅटचा पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीज. लावल्याबरोबर बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. वीस इंचीला 100 वॅटचा. एलईडी बल्ब या कामी येत नाही.

पऱ्हाटी :
तुऱ्हाटीदादा, तुम्ही सांगितलं तसं सिरीजवर लावले. चौदा इंचीचा बल्ब मंद झाला, पण पडद्यावर दोन काळपट आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात आणि चित्राच्या कडा कमरेसारख्या आत-बाहेर होतात. वीस इंचीवर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ.

तुऱ्हाटी :
वीस इंची आधी बंद करा. रेघ दिसली की ब्राइटनेस शून्यावर आणायचा, नाही तर तेवढ्या रेघेवरचा फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) कायमचा जळतो. रेघेचा अर्थ, उभं स्कॅनिंग मेलं. क्रमानं पाहा : व्हर्टिकल आयसीच्या पायांभोवतीचं सोल्डर (हीटसिंकच्या गरमीनं गोल चीर पडते, भिंगातून दिसते), त्याला सप्लाय देणारा फ्यूजसारखा छोटा रेझिस्टन्स, योककडे जाणारा मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, आणि शेवटी योकची उभी गुंडाळी मल्टीमीटरनं. बहुतेक वेळा पहिल्या दोघांतच मिळते.

चौदा इंचीचे दोन पट्टे म्हणजे फिल्टरचा मोठा कंडेन्सर सुकला. ब्रिज रेक्टिफायरमुळे (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमुळे) झुळझुळ 100 हर्ट्झची, म्हणून पट्टे दोन. एकच पट्टा असता तर एखादा डायोड उघडा असल्याचा संशय घेतला असता. लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा एक पायरी वरचा, 105 अंशांचा घाला. 85 अंशांचा नको. दर दहा अंश गरमीला या कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होते, आणि टिनाच्या छपराखाली आपल्याकडचा मे महिना पंचेचाळीसच्या वर असतो. बंद सेटसुद्धा असाच सुकतो. धन-ऋण बाजू पाहून लावा, उलटा लागला तर फुटतो.

चॅनेलचा खटका फिरवताना चित्र येते-जाते असं झालं तर संपर्क काळे पडले आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर, दहा-पंधरा वेळा खटका पूर्ण फिरवा. पेट्रोल प्लास्टिक खाते, खोबरेल तेल महिनाभरात धूळ धरते.

सांजवात :
विजेचं कुणी बोललं नाही. दिवाळीत रब्बीचं ओलीत सुरू होते. संध्याकाळी डीपीवरचे पंप चालू झाले की व्होल्टेज 170 पर्यंत उतरलेलं दिसते, आणि मध्येच लाइन गेली तर कार्यक्रम मोडतो. चौदा इंची सेट बॅटरीवर चालवा. असा सेट बारा व्होल्टवर साधारण दीड अँपिअर घेतो. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी तीन तास सहज देते. दोन गोष्टी मात्र पाहा : सॉकेटमध्ये मधली पिन धन की ऋण हे सेटच्या पाटीवर लिहिलेलं असते, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. उलटं लावलं तर सेट गेला. आणि वायरमध्ये 2 अँपिअरचा फ्यूज टाका. प्लेअर आणि मॉड्युलेटरला वेगळा छोटा यूपीएस ठेवा. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर सेट चालवू नका. चार्जर चौदाच्या वर जाते आणि पट्टे परत दिसतात.

रविवार_सकाळ :
दाखवायचं काय, यावर लिहितो, कारण तारखा चुकीच्या फिरतात. 'हम लोग' 7 जुलै 1984 ला सुरू होऊन 17 डिसेंबर 1985 ला संपलं. 'रामायण'चा पहिला भाग रविवार 25 जानेवारी 1987, शेवटचा 31 जुलै 1988, एकूण 78 भाग. 'महाभारत' 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990, 94 भाग. 'शक्तिमान' 13 सप्टेंबर 1997 पासून, आणि सुरुवातीला ते रविवारी नव्हे, शनिवारी होतं. म्हणजे 'रामायण' आणि 'शक्तिमान' एकाच पिढीचं बालपण म्हणून मांडू नका, मध्ये दहा वर्षं आहेत. फलकावर तसे दोन वेगळे रकाने करा.

विदर्भासाठी एक बाब महत्त्वाची. 1983 च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-1बी गेला आणि 1984 मध्ये देशभर कमी शक्तीचे रिले ट्रान्समीटर झपाट्यानं उभे राहिले, बहुतेक 100 वॅटचे. ते मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढं पाठवत. म्हणून मुंबई केंद्राच्या मराठी मालिकांची आठवण इथल्या खेड्यात तितकी नाही, 'कृषिदर्शन', हिंदी बातम्या आणि रविवारची सकाळ यांची आहे. संध्याकाळ खरी वाटायला हवी तर मुंबई-पुण्याची यादी उचलू नका.

सुरुवात दूरदर्शनच्या फिरत्या चिन्हानं आणि त्या सुरावटीनं करा. चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य यांचं, सुरावट पंडित रविशंकर यांची, शहनाई उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. त्याआधी दोन मिनिटं टेस्ट पॅटर्न ठेवा. ते नुसतं शोभेला नाही. गोल अंडाकार दिसत असेल तर मागचे 'हाइट' आणि 'लिनिॲरिटी' तेव्हाच फिरवून घ्या. जुने भाग प्रसार भारतीच्या यूट्यूबवर आणि 'वेव्हज' ॲपवर अधिकृतपणे आहेत. पेनड्राइव्ह आधीच भरून ठेवा, गावातल्या नेटवर विसंबू नका.

चपटीवायर :
प्लेअरची सेटिंग राहिली. एचडीएमआयमधून एव्ही काढणारी डबी घेतली तर तिच्यावर पाल/एनटीएससी (आपली/अमेरिकन पद्धत) असा खटका असतो. पाल ठेवा. एनटीएससीवर राहिला तर चित्र वर-खाली पळते, व्ही-होल्डचा (चित्र पळू न देणारा) नॉब फिरवून थांबवलं तरी बुटकं दिसते. पडद्याचा आकार 4:3. रुंद पडद्याची फाइल त्यात दाबून बसवली गेली तर माणसं उंच-बारीक दिसतील. ट्यूब चारही कडांचं पाचेक टक्के चित्र झाकते, तेव्हा तुम्ही बनवलेल्या पाट्यांची अक्षरं कडेपासून आत ठेवा.

रंगीत भाग ब्लॅक अँड व्हाइटवर दाखवला तर गडद कपड्यांवर बारीक ठिपके चालताना दिसतात, तो रंगाचा 4.43 मेगाहर्ट्झचा सिग्नल. प्लेअरमध्ये रंग शून्य करा, ठिपके जातात.

मोहतूर :
छपरावरचा अँटेना मॉड्युलेटरला जोडून गल्लीतल्या सगळ्या जुन्या सेटवर एकदम दाखवता येईल का? तशी मजा वेगळीच येईल.

वणाकाठ :
नाही. परवान्याशिवाय हवेत सिग्नल सोडणं हा गुन्हा आहे, मग अंतर शंभर फूट का असेना. खालचा पट्टा आज दुसऱ्या सेवांच्या वापरात असू शकतो. वायरीनं मात्र खुशाल वाटा. दोन-तीन सेट असतील तर केबलवाल्याचा स्प्लिटर लावा. दोन वाटांचा साडेतीन डीबी खातो, चार वाटांचा सात, तेवढं मॉड्युलेटरकडे शिल्लक असते.

अँटेना उतरवू नका, तो पोरांना समजावून सांगण्यासारखा आहे. मधली दुमडलेली नळी 7 नंबरसाठी साधारण 74 सेंटीमीटर, मागची थोडी लांब, पुढच्या काड्या थोड्या आखूड. 4 नंबरसाठी तीच नळी सव्वादोन मीटरच्या जवळ जाते. म्हणून काही घरांवर लहान अँटेना दिसत आणि काहींवर कपडे वाळत घालण्याएवढे. पाइप उंच का लागे, त्याचंही गणित सोपं आहे : दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं मिळवा, 4.12 नं गुणा, किलोमीटर मिळतात. शंभर मीटरचा टॉवर आणि नऊ मीटरचा पाइप धरला तर तेरा गुणिले 4.12, म्हणजे साडेत्रेपन्न किलोमीटर. हिंगणघाट ते नागपूर सत्तरच्या आसपास. सिग्नल क्षितिजाखाली जात होता, म्हणून बूस्टर आणि आणखी दहा फूट पाइप. आणि वानरं काडीवर बसली की दिशा बदलायची, ते वेगळंच. अँटेनाच्या डबीतली जोडणी मात्र उघडून पाहा. पांढरी-हिरवी भुकटी झाली असेल तर ॲल्युमिनियम आणि तांबं पावसाच्या पाण्यात एकमेकांना खाऊन बसले.

पऱ्हाटी :
वाचनालयाच्या कपाटात बारा व्हीएचएस कॅसेटही निघाल्या. गावच्या जुन्या नाटकांच्या आहेत. त्यांचं काय करू?

रविवार_सकाळ :
ताई किंवा दादा जे असाल ते, त्या चालवू नका अजून. मालिका कुठंही मिळतील, गावचं नाटक दुसरीकडं नाही. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी एक कॅसेट व्हीसीआरचं हेड खराब करते आणि पुढच्या अकरांना लागण करते. बुरशीच्या वेगळ्या काढा. बाकीच्या सिलिका जेलसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा, उन्हात नाही. मग एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली वेटोळी सुटतात आणि ताण सारखा होतो. रेकॉर्ड करताना 720 गुणिले 576, सेकंदाला 25, इंटरलेस (एकाआड एक रेघांचं चित्र) तसंच ठेवा. ते काढायचं काम नंतर होते, आधी केलेलं परत घेता येत नाही. डीव्ही प्रकारच्या फाइलीत तासाला 13 जीबी जागा धरा. चित्राच्या तळाशी फाटलेली पट्टी दिसेल, तो दोष नाही, हेड बदलण्याची जागा आहे. ट्यूबवर ती झाकलेलीच असायची.

पऱ्हाटी :
कंडेन्सर बदलला, पट्टे गेले. बी/जीवाला मॉड्युलेटर 7 नंबरवर लावला, चित्र स्वच्छ आहे. फिरतं चिन्ह आलं तेव्हा वाचनालयात कुणी बोललं नाही. एक अडचण उरली : पाट्या दिसल्या, पांढरी अक्षरं आली, की आवाजात जोरात घर्रर्र होते. अक्षरं गेली की आवाज साफ.

चपटीवायर :
चित्राची पातळी जास्त झाली. आपल्या पद्धतीत पांढरा रंग म्हणजे सगळ्यात कमी कॅरिअर (सिग्नल वाहून नेणारी लहर). पांढरं फार झालं की कॅरिअर जवळजवळ तुटतो, आणि सेट आवाज काढतो तो चित्र-आवाजाच्या कॅरिअरमधल्या फरकातूनच. कॅरिअर तुटला की तिथं घरघर. मॉड्युलेटरवर 'व्हिडिओ लेव्हल'चा छोटा स्क्रू असेल. पांढरी पाटी पडद्यावर स्थिर ठेवा, स्क्रू डावीकडं हळूहळू, घरघर थांबेपर्यंत, आणि त्यापुढं थोडा आणखी. मग काळेपणा कमी वाटला तर टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवा, मॉड्युलेटर परत हलवू नका. स्क्रू नसेल तर एव्हीच्या पिवळ्या वायरीत सिरीजला 100 ओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स) टाकून तेच करा. जागा सापडली की त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी गाडीतून नेताना हलणार नाही.